फलावरून निर्णयाचे मोल : संस्थांच्या विचारपद्धतीतील एक दोष

एखाद्या संस्थेने घेतलेला निर्णय योग्य होता की अयोग्य, हे कशाच्या आधारे ठरवावे? व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर फारसा विचार न करताच दिले जाते. फळ चांगले मिळाले तर निर्णय चांगला, फळ वाईट मिळाले तर निर्णय वाईट, हे ते उत्तर होय. शेवट गोड तर सारेच गोड, असे म्हणण्याची आपल्याला सवय झालेली आहे. परंतु संस्था जेव्हा या एकाच मापाने आपले निर्णय मोजू लागते, तेव्हा ती योगायोगाला कर्तृत्व समजू लागते. मग येऊ घातलेल्या संकटाच्या सूचना डोळ्यांसमोर असूनही तिला दिसत नाहीत. प्रस्तुत लेखात आम्ही या दोषाचे स्वरूप, त्याचे एक भीषण उदाहरण, विनयपिटकातील याविषयीची दृष्टी आणि दोषनिवारणाचे उपाय यांचे क्रमाने विवेचन करणार आहोत.

१. दोषाचे स्वरूप

विषय स्पष्ट होण्यासाठी दोन काल्पनिक पतसंस्था डोळ्यांपुढे आणू. पहिल्या संस्थेच्या संचालक मंडळाने एका व्यापाऱ्याला मोठे कर्ज दिले. तारण घेतले नाही, हिशेबाच्या वह्या पाहिल्या नाहीत. अध्यक्षांच्या ओळखीचा माणूस एवढाच आधार होता. व्यापाऱ्याने कर्ज वेळेवर फेडले. वार्षिक सभेत संचालकांच्या धडाडीबद्दल अभिनंदनाचा ठराव झाला. दुसऱ्या संस्थेने असेच कर्ज देताना वह्या तपासल्या, तारण घेतले, जामीनदार घेतले. पुढे दुकानाला आग लागली, व्यवसाय बुडाला आणि कर्जाचा काही भाग थकला. तेथील सभेत संचालकांच्या राजीनाम्याची मागणी झाली.

दोन्ही सभांनी निर्णयाचा विचार केलाच नाही. त्यांनी केवळ फळाचा विचार केला. निर्णय आणि त्याचे फळ यांच्या मध्ये अनिश्चितता उभी असते. निर्णय घेणाऱ्याच्या हाती असते ते उपलब्ध माहिती गोळा करणे, धोक्यांचे वजन करणे, विरोधी मत ऐकणे आणि नियमांचे पालन करणे. पाऊस, आग, आजार, बाजारभाव या गोष्टी त्याच्या हाती नसतात. म्हणूनच चांगल्या निर्णयाला वाईट फळ आणि वाईट निर्णयाला चांगले फळ येऊ शकते. निर्णयाच्या वेळी ज्ञात नसलेल्या फळावरून त्या निर्णयाची प्रत ठरविण्याच्या या प्रवृत्तीला मानसशास्त्रात ‘आउटकम बायस’ असे म्हणतात. आम्ही येथे तिला ‘फलाश्रित पूर्वग्रह’ असे म्हणू.

या प्रवृत्तीचा पद्धतशीर अभ्यास जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या अमेरिकन संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवलेल्या प्रसंगांपैकी एक असा होता : हृदयविकाराने आजारी असलेल्या ५५ वर्षांच्या गृहस्थावर शस्त्रक्रिया करावी की नाही, हे डॉक्टरला ठरवायचे आहे, शस्त्रक्रियेत दगावण्याची शक्यता ८ टक्के आहे, डॉक्टर शस्त्रक्रिया करण्याचे ठरवितो. काहींना रुग्ण बरा झाल्याचे सांगण्यात आले, काहींना तो दगावल्याचे. बाकी सर्व माहिती तीच होती. तरीही रुग्ण दगावल्याचे ऐकणाऱ्यांनी त्याच निर्णयाला कमी प्रतीचा ठरविले. विशेष हे की, फळाचा विचार करावा काय असे सरळ विचारल्यावर बहुतेकांनी करू नये असेच मत दिले.

केवळ विद्यार्थ्यांची ही गोष्ट नाही. अमेरिकेतील ११२ भूलतज्ज्ञांकडून २१ प्रकरणांतील उपचारांविषयी मत मागविण्यात आले, आणि तो अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. प्रकरणातील उपचार तेच ठेवून रुग्णाला झालेली इजा एका प्रतीत तात्पुरती, तर दुसऱ्या प्रतीत कायमची दाखविली होती. इजा तात्पुरत्याऐवजी कायमची असल्याचे लिहिताच उपचार योग्य होते असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण ३१ टक्के अंकांनी घटले. स्वतःच्या विद्येत निष्णात असलेल्या माणसालाही फळाचा रंग निर्णयावर चढण्यापासून रोखता येत नाही, असा याचा अर्थ होतो.

हा दोष ‘पश्चात्बुद्धी’हून थोडा वेगळा आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पश्चात्बुद्धीत माणूस ‘हे असेच होणार होते’ असे म्हणू लागतो, म्हणजे पूर्वीच्या शक्यतेचे त्याचे मोजमापच बदलते. फलाश्रित पूर्वग्रहात शक्यता किती होती हे समोर लिहिलेले असते. तरीही फळ पाहून मत फिरते. संस्थांमध्ये हे दोन्ही दोष बहुधा हातात हात घालून वावरतात.

२. चॅलेंजर यानाचे उदाहरण

अपयश आले म्हणजे निर्दोष माणसाला दोषी ठरविले जाते, ही या पूर्वग्रहाची एक बाजू झाली. आमच्या मते दुसरी बाजू अधिक घातक आहे. यश आले म्हणजे सदोष निर्णय निर्दोष ठरतो आणि मग तोच पुनःपुन्हा घेतला जातो. अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळसंस्थेचा इतिहास याची साक्ष देतो.

२८ जानेवारी १९८६ रोजी फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्रावरून झेपावलेले ‘चॅलेंजर’ हे यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. यानातील सातही जण मृत्युमुखी पडले. त्यांत ख्रिस्टा मॅकऑलिफ या शाळेतील शिक्षिका होत्या. यानाला वर नेणारे घनइंधनाचे दोन अग्निबाण ‘मॉर्टन थायोकॉल’ ही कंपनी बनवीत असे. हे अग्निबाण तुकड्यांनी जोडलेले असत आणि प्रत्येक सांध्यातून तप्त वायू बाहेर पडू नये म्हणून रबराच्या दोन गोल कड्या बसविलेल्या असत. त्यांना ‘ओ-रिंग’ म्हणतात. कडाक्याच्या थंडीत या कड्यांची लवचीकता गेली, सांधा नीट बंद झाला नाही आणि बाहेर पडलेल्या ज्वाळांनी घात केला.

या कड्या अचानक दगा देऊन गेल्या असत्या, तर त्याला दुर्दैव म्हणता आले असते. परंतु तसे नव्हते. नोव्हेंबर १९८१ मध्ये झालेल्या दुसऱ्याच उड्डाणानंतर एक कडी वायूने झिजल्याचे आढळले होते. मूळ आराखड्याप्रमाणे कडी मुळीच झिजता कामा नये. पुढील उड्डाणांतही झीज आढळत गेली. जानेवारी १९८५ मधील एका उड्डाणात सांध्याचे तापमान ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअस होते. त्या वेळी पहिली कडी ओलांडून वायू पुढे गेला व काळी काजळी मागे ठेवून गेला. त्याच वर्षी सांध्यांच्या या दोषामुळे उड्डाणांवर औपचारिक निर्बंध घालण्यात आला आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी तो रीतसर शिथिल करण्यात आला. ३१ जुलै १९८५ रोजी थायोकॉलमधील अभियंते रॉजर बॉइजोली यांनी, हा प्रश्न सोडविला नाही तर मनुष्यहानी होईल, असा लेखी इशारा वरिष्ठांना दिला.

उड्डाणाच्या आदल्या रात्री दूरध्वनीवरून बैठक झाली. ५३ अंशांहून कमी तापमानात उड्डाण करू नये, असे थायोकॉलच्या अभियंत्यांनी सांगितले. नासाच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. कंपनीच्या व्यवस्थापकांनी थोडा वेळ मागून घेतला आणि अभियंत्यांना बाजूला ठेवून उड्डाणास संमती दिली. वस्तुतः उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी उड्डाण करू इच्छिणाऱ्यांवर असावयास हवी होती. त्या रात्री मात्र उड्डाण असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अभियंत्यांवर टाकली गेली.

३. यशच जेव्हा पुरावा बनते

इतकी लक्षणे दिसत असताना हुशार माणसे अशी का वागली? याचे उत्तर आधीच्या २४ उड्डाणांत आहे. ती सर्व सुखरूप परतली होती. कडी झिजली, तरी यान परतले. म्हणून झीज ‘स्वीकारार्ह’ ठरली. पुढच्या वेळी थोडी अधिक झीज झाली, तरी यान परतले. म्हणून तीही स्वीकारार्ह ठरली. समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रक्रियेचा सखोल अभ्यास केला आहे. नियमापासून ढळणे हेच हळूहळू नियमाचे रूप घेते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

चौकशी आयोगाचे एक सदस्य, नामवंत पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी यातील तर्कदोष नेमका दाखविला. एका उड्डाणात कडी तिच्या त्रिज्येच्या एक तृतीयांश इतकी झिजली होती. पूर्ण त्रिज्येइतकी झीज झाल्याशिवाय कडी निकामी होत नाही, तेव्हा आपल्याजवळ तिप्पट सुरक्षितता आहे, असे अधिकाऱ्यांनी मानले. फाइनमन यांनी पुलाची उपमा दिली. भार सहन करावयासाठी बांधलेल्या पुलाच्या तुळईला एक तृतीयांश खोलीपर्यंत तडा गेला, तर पूल उभा असला तरी त्याला तिप्पट सुरक्षित म्हणता येत नाही. तडा जाणे हेच आराखडा चुकल्याचे लक्षण होय. पिस्तुलात एकच गोळी ठेवून डोक्याला लावण्याच्या जीवघेण्या खेळाचाही त्यांनी दाखला दिला. पहिल्या खेपेस गोळी सुटली नाही, म्हणून दुसरी खेप सुरक्षित ठरत नाही.

यशस्वी उड्डाणांत दडलेली माहिती किती मोलाची होती, हे आयोगाच्या एका साध्या तुलनेवरून दिसते. सांध्याचे तापमान ६६ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असताना झालेल्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ उड्डाणांत कड्यांना इजा आढळली होती. ६३ अंश किंवा त्याहून कमी तापमानात झालेल्या चारही उड्डाणांत ती आढळली होती. निर्णयाच्या रात्री ही सर्व उड्डाणे एकत्र मांडून कोणी पाहिली नाहीत. जेथे इजा झाली नव्हती ती उड्डाणे ‘यशस्वी’ म्हणून विचारातूनच गळाली होती.

समजा, २८ जानेवारीचे उड्डाण यशस्वी झाले असते. तर आदल्या रात्रीचा निर्णय चांगला ठरला असता काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. अपुऱ्या माहितीवर, विरोधी मत दडपून, मर्यादेबाहेरच्या थंडीत घेतलेला तो निर्णय यान परतले असते तरी तितकाच वाईट राहिला असता. पण मग आयोग बसला नसता, ग्रंथ लिहिले गेले नसते आणि इशारा देणारे अभियंते भित्रे ठरले असते.

सतरा वर्षांनी हीच कथा दुसऱ्या रूपाने घडली. ‘कोलंबिया’ यान १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर नष्ट झाले. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सात जणांनी प्राण गमावले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फेसाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. फेस सुटण्याचे प्रकार पूर्वी अनेकदा घडले होते आणि याने परतली होती; म्हणून तो धोका न राहता देखभालीचा विषय बनला होता. पुढे रॉबिन डिलन व कॅथरिन टिन्स्ली यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, केवळ नशिबाने वाचलेल्या अंतराळमोहिमेच्या प्रमुखाला लोक निर्विघ्न यशस्वी झालेल्या प्रमुखाच्या जवळपास बसवितात. अपयशी प्रमुखाशी त्याचे निर्णय जुळत असले, तरी त्याला अपयशी मानत नाहीत.

४. विनयपिटकाची दृष्टी

भिक्खुसंघ ही जगातील प्राचीन संघटित संस्थांपैकी एक होय. संस्थेतील कृत्यांची पारख कशी करावी, याचा बारकाईने विचार तिच्या विनयात झालेला आढळतो. तिसऱ्या पाराजिकाच्या, म्हणजे मनुष्यवधाच्या नियमाच्या विवेचनात सुत्तविभंगामध्ये अनेक प्रकरणे नोंदविली आहेत. त्यांतील एक आपल्या विषयाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. भिक्षाटनास गेलेला एक भिक्खू एका आसनावर बसला. आसनावर वस्त्राखाली लहान मूल होते. ते चिरडून मेले. फळ याहून भयंकर असू शकत नाही. तथापि भिक्खूचा तसा हेतू नव्हता, म्हणून त्याला पाराजिकाचा दोष लागला नाही. पण प्रकरण तेथेच मिटविले गेले नाही. आसन पाहिल्याशिवाय बसू नये, बसल्यास दुक्कटाची आपत्ती होईल, असा नियम घालून देण्यात आला.

या निवाड्याचा संस्थात्मक अर्थ पाहावा. भीषण फळ पाहून व्यक्तीला भीषण दंड झाला नाही. आणि हेतू शुद्ध होता म्हणून कार्यपद्धतीतील उणिवेकडे डोळेझाकही झाली नाही. यापुढे जो न पाहता बसेल तो दोषी, मग आसनावर मूल असो वा नसो. दोष फळाशी नव्हे, तर न पाहण्याशी जोडला गेला. नासामध्ये नेमके उलटे घडले. न पाहता बसण्याची सवय लागली, आणि आसनावर आतापर्यंत मूल सापडले नाही, हाच बसण्याचा आधार झाला.

संघकर्मांबद्दलही हीच दृष्टी दिसते. महावग्गातील चम्पेय्यक्खन्धकात संघाची कर्मे कोणती वैध व कोणती अवैध, याचे वर्गीकरण आहे. आवश्यक संख्येत भिक्खू उपस्थित आहेत काय, आधी ञत्ति म्हणजे प्रस्ताव मांडला गेला काय, मग अनुस्सावन म्हणजे घोषणा ठरलेल्या वेळा झाली काय, संघ समग्र होता काय, हे निकष तेथे लावले आहेत. धर्माला अनुसरून आणि समग्र संघाने केलेले कर्मच वैध ठरते. क्रम उलटा झाला किंवा संघ खंडित असला, तर ते कर्म पुढे कितीही सोयीचे ठरले तरी वैध होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात संघाच्या या कार्यपद्धतीकडे, म्हणजे प्रस्ताव, गणसंख्या, मतदान इत्यादी नियमांकडे, आवर्जून लक्ष वेधले होते.

५. मग फळाला काहीच किंमत नाही काय?

येथे एक आक्षेप संभवतो. फळ पाहावयाचेच नाही असे म्हटले, तर अकार्यक्षम माणसाला ‘माझी पद्धत बरोबर होती’ ही कायमची सबब मिळेल. हा आक्षेप रास्त आहे. विनयही फळाची पूर्ण उपेक्षा करीत नाही. मारण्याच्या हेतूने दगड टाकला आणि समोरचा मेला, तर पाराजिक. तो वाचला, तर थुल्लच्चय ही तुलनेने हलकी आपत्ती. फळाने दोषाची पायरी बदलते. परंतु समोरचा दैवाने वाचला म्हणून दगड टाकणारा निर्दोष ठरत नाही.

फळ हा पुरावा आहे, न्यायनिवाडा नव्हे, असे आमचे म्हणणे आहे. एका फळावरून फारसे कळत नाही. एकाच प्रकारच्या शंभर निर्णयांच्या फळांवरून बरेच कळते. निर्णय घेणाऱ्याजवळ कोणती माहिती होती हे आपल्याला समजण्याचा मार्ग नसेल, तर फळाकडे पाहूनच अंदाज बांधावा लागतो. पण ती माहिती कागदोपत्री उपलब्ध असताना ती न वाचता फळावरून निकाल देणे हा आळस होय. शिवाय वाईट फळ हे चौकशी सुरू करण्यास पुरेसे कारण आहे. चौकशीचा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

६. उपाय

पूर्वग्रह ठाऊक असला म्हणजे तो जातो असे नाही, हे बॅरन व हर्शी यांच्या अभ्यासातून आपण पाहिले. म्हणून उपाय व्यक्तीच्या सद्भावनेवर न सोपविता संस्थेच्या रीतीत बसवावे लागतात.

पहिला उपाय, निर्णयाच्या वेळीच लिखित नोंद ठेवणे. कोणती माहिती होती, कोणती नव्हती, कोणते पर्याय नाकारले, विरोधी मत कोणाचे व काय होते आणि यशाची शक्यता किती मानली होती, हे फळ येण्यापूर्वी इतिवृत्तात आले पाहिजे. पुष्कळ संस्थांच्या इतिवृत्तात केवळ ‘सर्वानुमते मंजूर’ एवढेच असते. अशा इतिवृत्तावरून पुढे निर्णयाची पारख करणे अशक्य होते, मग फळ तेवढे उरते.

दुसरा उपाय, यशाचेही परीक्षण करणे. अपयशावर समिती नेमली जाते, यशावर हार घातले जातात. काम यशस्वी झाले तरी कोठे नियम मोडले, कोठे थोडक्यात निभावले, हे विचारले गेले पाहिजे. अमेरिकेच्या विमानवाहतुकीत १९७६ पासून वैमानिकांकडून अशा थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची माहिती गोपनीयता राखून गोळा केली जाते. या योजनेचे संचालन नासाकडेच आहे, हे विशेष. जी दृष्टी संस्था दुसऱ्यांसाठी वापरते ती स्वतःसाठी वापरणे किती अवघड असते, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

तिसरा उपाय, निर्णयापूर्वी अपयशाची कल्पना करणे. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ साली मांडलेल्या पद्धतीत सभासदांना असे मानावयास सांगितले जाते की, निर्णय अमलात आला आहे आणि तो पूर्णतः फसला आहे. मग प्रत्येकाने त्याची कारणे लिहावयाची. यामुळे शंका बोलून दाखविणारा मनुष्य विघ्नसंतोषी न ठरता आपले काम करणारा ठरतो.

चौथा उपाय, परीक्षकांना आधी फळ न सांगणे. जेथे शक्य असेल तेथे तपासणी करणाऱ्यांपुढे निर्णयाची कागदपत्रे प्रथम ठेवावी, त्यांचे मत लिहून घ्यावे आणि परिणाम नंतर सांगावा. भूलतज्ज्ञांच्या अभ्यासाचा हाच सरळ बोध आहे.

हे उपाय खर्चाचे नाहीत. त्यांसाठी लागते ती यशाच्या क्षणी स्वतःकडे संशयाने पाहण्याची तयारी. शाळा, पतसंस्था, रुग्णालय, विहार समिती किंवा शासकीय खाते, कोणतीही संस्था असो, तिच्यात बढती आणि सन्मान केवळ फळ पाहून दिले गेले, तर थोड्याच वर्षांत जबाबदारीच्या जागांवर विचारी माणसांऐवजी नशीबवान माणसे बसलेली दिसतात. नशीब पालटते तेव्हा त्याची किंमत त्यांना नव्हे, तर त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या ठेवीदारांना, रुग्णांना, विद्यार्थ्यांना आणि प्रवाशांना मोजावी लागते. म्हणून पुढच्या सभेत एखाद्या यशाबद्दल अभिनंदनाचा ठराव मांडला जाईल, तेव्हा एका सभासदाने तरी उठून विचारावे : हे यश आपण कमावले, की ते आपल्याला लाभले?